‘मोबी-डिक’मधील साचेबद्ध पात्रे आणि स्टारबकने परत ठेवलेली बंदूक

सुकाणू

हर्मन मेलव्हिल यांच्या ‘मोबी-डिक’ या १८५१ सालच्या कादंबरीविषयी बोलणे निघाले की ते बहुधा कॅप्टन एहॅबपाशी सुरू होते आणि एहॅबपाशीच संपते. सूडाने पेटलेला, एक पाय मोबी-डिक या पांढऱ्या देवमाशाने नेलेला, प्रसंगी सूर्यावरही हात उगारीन म्हणणारा हा माणूस एवढा मोठा आहे की त्याच्या शेजारी पिक्वॉड या व्हेलशिकारी जहाजावरील बाकीची मंडळी गळ्यात पाट्या अडकवून उभी केल्यासारखी वाटतात. स्टारबक, कॅप्टनखालचा पहिला अधिकारी (मेट), म्हणजे सज्जन सल्लागार, स्टब म्हणजे विदूषकी खलाशी, क्वीक्वेग म्हणजे उमदा रानटी, फेडॅला म्हणजे सैतानाचा दूत, पिप म्हणजे शहाणा वेडा. ही पात्रे साचेबद्ध आहेत, असा आक्षेप वाचकांकडून नेहमी येतो.

हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. मेलव्हिल पात्रे जुन्या साच्यांतून उचलतो, यात शंका नाही. बायबल, शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्याकडून त्याने किती घेतले आहे हे लपवण्याचा प्रयत्नही तो करत नाही. मात्र साच्याने जे काम नेमून दिलेले असते, ते करण्याची वेळ आली की नेमके ते पात्र मागे सरते. माझ्या मते या कादंबरीची शोकांतिका एहॅबच्या हट्टातून जेवढी घडते, त्याहून अधिक इतरांनी न केलेल्या कामांतून घडते.

सगळे साचे एका रांगेत पाहायचे असतील तर ९९वे प्रकरण पाहावे. एहॅबने डोलकाठीवर एक्वाडोरचे सोन्याचे नाणे ठोकलेले आहे. पांढरा देवमासा जो प्रथम पाहील त्याला ते मिळायचे आहे. नाण्यावर तीन पर्वतशिखरे असून एकावर ज्वाला, दुसऱ्यावर बुरूज आणि तिसऱ्यावर आरवणारा कोंबडा आहे, व वर राशिचक्राची कमान आहे. एकेक जण येऊन त्या नाण्यासमोर उभा राहतो. एहॅबला तिन्ही शिखरांत स्वतःच दिसतो. स्टारबकला पवित्र त्रयी आणि तिच्या पायथ्याशी मृत्यूची काळोखी दरी दिसते. स्टब पंचांग काढून राशींवरून माणसाच्या आयुष्याची गोष्ट जुळवतो. तिसरा मेट फ्लास्क याला सोळा डॉलर दिसतात आणि दोन सेंटला एक या भावाने त्यांत ९६० चिरूट येतील, असा तो हिशेब करतो. (हिशेब चुकलेला आहे, ८०० यायला हवेत. चूक फ्लास्कची की मेलव्हिलची, हे ज्याने त्याने ठरवावे.) क्वीक्वेग नाण्यावरील चिन्हे स्वतःच्या मांडीवरील गोंदणाशी ताडून पाहतो. फेडॅला वाकून नमस्कार करतो. शेवटी पिप येतो आणि शाळेत क्रियापदे चालवावीत तसे म्हणू लागतो की मी पाहतो, तू पाहतोस, तो पाहतो, आम्ही पाहतो, तुम्ही पाहता, ते पाहतात. आपण आतापर्यंत माणसांवर लावत आलेल्या पाट्या त्या पोराच्या बडबडीपुढे किती तोकड्या आहेत, हे इथे उमगते.

आता माझा खरा मुद्दा मांडतो, आणि तो स्टारबकचा आहे. त्याचे वडील आणि भाऊ दोघेही देवमाशांच्या शिकारीत गेलेले आहेत. सूड घ्यायचा तर त्याच्याकडे एहॅबहून मोठे कारण आहे. एहॅबचा पाय गेला, याची दोन माणसे गेली. तरीही मुक्या प्राण्यावर सूड उगवणे त्याला पाखंड वाटते, आणि ३६व्या प्रकरणात सर्व खलाशांसमोर तसे बोलणारा तो एकटाच आहे. पुढे १२३व्या प्रकरणात वादळ शमल्यावर तो कॅप्टनच्या केबिनशी जातो. एहॅब झोपलेला आहे. भिंतीवर बंदुका आहेत, आणि त्यांतली एक तीच आहे जी एहॅबने पूर्वी त्याच्यावर रोखली होती. ती हातात घेऊन स्टारबक मनाशी युक्तिवाद करतो की हा एक माणूस जगला तर तिसाहून अधिक माणसे बुडतील. तेवढ्यात आतून एहॅब झोपेत मोबी-डिकच्या नावाने ओरडतो. स्टारबक बंदूक जागच्या जागी ठेवतो आणि स्टबला सांगतो की खाली जाऊन तूच त्यांना उठव.

आपण सर्वांना विचारावेसे वाटते की हा धर्मभीरू माणसाचा विजय मानायचा की पराभव?

पानगळ

धागा आवडला, परंतु एहॅबला तुम्ही फार लवकर बाजूला ठेवलेत. साच्याबाहेर सर्वांत जास्त जाणारे पात्र तोच आहे. बायबलमधील दुष्ट राजाचे नाव त्याला दिले आहे आणि त्याच्या नाशाचे भाकीत करणारा एलायजाही बंदरावर हजर ठेवला आहे, म्हणजे साचा पक्का केलेला आहे. परंतु सोळाव्या प्रकरणात जहाजाचा एक मालक पेलेग निवेदक इश्माएलला सांगतो की या माणसाच्या घरी तरुण बायको आणि मूल आहे, आणि कितीही घायाळ झाला असला तरी त्याच्यात माणुसकी आहे. बंडखोर महानायकाच्या साच्यात घरी वाट पाहणारे मूल सहसा नसते.

ही माणुसकी १३२व्या प्रकरणात वर येते. पाठलाग सुरू होण्याच्या आदल्या दिवसाची निवांत हवा आहे. एहॅब कठड्यावरून वाकतो आणि त्याच्या डोळ्यांतून एक थेंब समुद्रात पडतो. अठराव्या वर्षी पहिला देवमासा मारला, त्याला चाळीस वर्षे झाली आणि त्या चाळिसांत तीन वर्षेही जमिनीवर काढली नाहीत, असे तो स्टारबकपाशी कबूल करतो. स्टारबक त्याला त्यांच्या गावाची, नँटकेटची, आठवण देतो, स्वतःच्या मुलाची आठवण देतो, जहाज वळवू या म्हणतो. एहॅब मान फिरवून स्वतःशीच प्रश्न विचारत राहतो की हे सारे मी करतो आहे की माझ्याकडून कोणी करवून घेत आहे. आणि जेव्हा तो पुन्हा पाहतो, तेव्हा स्टारबक तिथे नसतो. निराशेने प्रेतासारखा पांढरा पडून तो निघून गेलेला असतो. एहॅब डेक ओलांडून दुसऱ्या बाजूला जातो, पाण्यात पाहतो, तर तिथे फेडॅलाच्या डोळ्यांचे प्रतिबिंब.

सुकाणू यांच्या मुद्द्याला बंदुकीपेक्षा हे दृश्य अधिक बळ देते, असे मला वाटते. बंदूक न झाडणे समजू शकते. पण समोरचा माणूस विरघळत असताना तिथून निघून जाणे?

गलबतवाला

स्टारबकवर इतका राग नको. तो नोकर माणूस आहे, आणि नोकरीचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय त्याचा न्याय करू नये.

व्हेलशिकारी जहाजावर पगार नसे, नफ्यातला वाटा असे. इश्माएलला दुसरा मालक बिल्डॅड नफ्याचा ७७७वा हिस्सा देऊ पाहतो आणि पेलेग भांडून तो ३००व्यावर आणतो. क्वीक्वेगने पाण्यावरच्या डांबराच्या ठिपक्याचा हार्पूनने, म्हणजे देवमाशावर फेकायच्या भाल्याने, अचूक वेध घेतल्यावर त्याला ९०वा हिस्सा मिळतो. पिक्वॉडच्या मालकीत या दोघा क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) म्हाताऱ्यांखेरीज नँटकेटमधील विधवा आणि पोरकी मुले यांचेही बारीक बारीक वाटे आहेत. म्हणून ३६व्या प्रकरणात स्टारबक विचारतो की तुमच्या सूडातून किती पिंपे तेल निघेल आणि नँटकेटच्या बाजारात त्याला काय भाव येईल. वाचकाला हा प्रश्न कोता वाटतो, पण मला तो त्या जहाजावरचा सर्वांत जबाबदार प्रश्न वाटतो. ज्यांचे पैसे गुंतलेले आहेत त्यांच्या वतीने तो बोलत आहे.

बंड म्हणजे फाशीची शक्यता, हेही धरा. मेलव्हिल स्वतः जानेवारी १८४१मध्ये ‘अकुश्नेट’ या व्हेलशिकारी जहाजावर चढला आणि पुढच्या वर्षी मार्केसास बेटांवर पळून गेला. पळून जाणे त्याला ठाऊक होते, आणि कॅप्टनवर हात टाकण्याची किंमतही. मला स्टारबकमध्ये आपल्याकडचे भीष्म दिसतात. अन्याय कळतो, बोलूनही दाखवतात, पण ज्या आसनाशी बांधले गेले ते सोडत नाहीत.

सुकाणू

गलबतवाला, भीष्मांची आठवण योग्य आहे, कारण युद्धाआधी ते युधिष्ठिराला स्वतःच सांगतात की माणूस अर्थाचा दास असतो आणि कौरवांनी मला अर्थाने बांधले आहे. परंतु कायद्याचा आधार स्टारबकला देता येणार नाही. ४६वे प्रकरण पुन्हा पाहावे, ही विनंती. तिथे इश्माएल स्पष्ट लिहितो की सफरीचा मूळ हेतू बदलून एहॅबने स्वतःवर सत्ता बळकावल्याचा आरोप ओढवून घेतला होता, आणि खलाशांनी मनात आणले असते तर त्याची आज्ञा मोडायला, प्रसंगी बळाने जहाज ताब्यात घ्यायलाही त्यांना नैतिक व कायदेशीर मुभा होती. एहॅबला हे पक्के ठाऊक आहे. म्हणूनच तो वाटेत नेहमीची शिकार चालू ठेवतो, जेणेकरून माणसांच्या डोळ्यांसमोर रोख पैशाची आशा राहावी.

म्हणजे फाशीची भीती हे उत्तर पुरे पडत नाही. मेलव्हिलने खरे उत्तर २६व्या प्रकरणातच देऊन ठेवले आहे. स्टारबक देवमाशाला, वादळाला, उपासमारीला तोंड देईल; पण एखादा बलाढ्य आणि संतापलेला माणूस कपाळाला आठ्या घालून समोर उभा राहिला तर त्याचे धैर्य टिकणार नाही, असे तिथे आधीच बजावले आहे. त्याच्या होडीत देवमाशाला न भिणाऱ्या माणसाला जागा नव्हती. जनावराची भीती त्याला शहाणपण वाटते, माणसाची भीती मात्र त्याला स्वतःत ओळखताच येत नाही.

आणि एहॅब कधी नमतच नाही, असेही नाही. १०९व्या प्रकरणात तेलाची पिंपे गळू लागतात, स्टारबक थांबायला सांगतो, एहॅब बंदूक रोखतो. स्टारबक शांतपणे म्हणतो की तुम्ही मला नव्हे, स्वतःला भ्या. तो गेल्यावर एहॅब त्याने सांगितले तेच करतो. एकदा जमलेली गोष्ट पुढे पुन्हा करून पाहिली गेली नाही, ही माझी तक्रार आहे.

चौकस

फेडॅलाविषयी कोणीच लिहिले नाही, आणि मुंबईच्या वाचकाने तरी ते टाळू नये. मेलव्हिल त्याला सतत ‘पारशी’ म्हणतो. पहिल्यांदा होड्या उतरवताना तो आणि त्याचे साथीदार तळातून अचानक प्रकट होतात. एहॅबने त्यांना चोरून जहाजावर घेतलेले असते. काळे सुती चिनी जाकीट, डोक्याभोवती फेट्यासारखी गुंडाळलेली स्वतःच्याच पांढऱ्या केसांची वेणी, पूर्वेकडचे गूढ, अग्निपूजा आणि भविष्यकथन अशी सगळी सामग्री एकत्र करून हा माणूस बनवला आहे. नावाचा शेवट मुस्लिम वळणाचा, सोबतची माणसे मनिलाकडची, आणि धर्म म्हणे जरथुष्ट्राचा. स्टबची तर खात्री आहे की हा सैतान असून शेपूट गुंडाळून खिशात ठेवतो.

ज्या काळात हे लिहिले गेले, त्या काळात खरे पारशी समुद्रावर काय करत होते? मुंबईच्या गोदीत वाडिया घराणे जहाजे बांधत होते. त्यांनी १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत आहे. मॅसॅच्युसेट्समधील सेलम बंदराचे व्यापारी मुंबईत पारशी दलालांमार्फत व्यवहार करत असत. म्हणजे न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर पारशी हा शब्द अपरिचित नव्हता. मेलव्हिलला तो माणूस नको होता, फक्त त्याची आग हवी होती.

अशीच गंमत ५५व्या प्रकरणात आहे. देवमाशाचे जगातले सर्वांत जुने चित्र घारापुरीच्या लेण्यात असून ते विष्णूच्या मत्स्यावताराचे आहे, असे इश्माएल ठासून सांगतो. घारापुरीची मुख्य लेणी शैव आहे. तिथे सदाशिव आहे, अर्धनारीश्वर आहे, गंगाधर आहे, अंधकासुराचा वध आहे. मत्स्यावताराचा पट नाही. गेटवेवरून लाँचने जाणाऱ्या कोणालाही हे पाहता येईल. इश्माएल बाकीच्या सर्व चित्रकारांच्या चुका काढण्याच्या भरात असताना हे लिहितो, म्हणून अधिकच मजा वाटते.

तरीही साचा म्हणून फेडॅला फसलेला आहे, असे मी म्हणणार नाही. मोहात पाडणाऱ्या सैतानाने बोलून भुरळ घालायची असते. हा जवळपास बोलतच नाही. ११७व्या प्रकरणात तो भाकीत सांगतो की एहॅबला मरण्यापूर्वी समुद्रावर दोन शववाहने दिसतील, फेडॅला त्याच्या आधी मरेल आणि एहॅबला फक्त ताग मारू शकेल. ‘मॅकबेथ’मधील चेटकिणींचीच ही रीत आहे, आणि एहॅबही त्या राजाप्रमाणेच स्वतःला अमर समजून हसतो. शेवटी हार्पूनचा तागाचा दोर गळ्याभोवती पडून तो जातो. एरवी फेडॅला नुसता उभा असतो. ७३व्या प्रकरणात एक बारीक वाक्य आहे. दोघे डेकवर अशा रीतीने उभे असतात की पारशी एहॅबच्या सावलीत येतो, आणि त्याची स्वतःची सावली असलीच तर ती एहॅबच्या सावलीत मिसळून तिला लांब करते, एवढेच. हा मोह पाडत नाही, कारण त्याची गरजच उरलेली नाही. पूर्वेच्या माणसाचे केलेले व्यंगचित्र मला खटकते आणि खटकत राहील, पण सावलीचे ते वाक्य लिहिणाऱ्याला आपण काय करत आहोत हे कळत होते.

उन्हाळवारा

विदूषकाच्या साच्याबद्दल थोडे. पिप आणि एहॅब यांची जोडी ‘किंग लिअर’मधील राजा व विदूषक यांच्यावरून घेतलेली आहे, हे उघड आहे. फरक असा की पिपला वेड कसे लागले याची कथा आहे, आणि ती फार निर्दय आहे. ९३व्या प्रकरणात हा कृष्णवर्णीय पोरगा घाबरून स्टबच्या होडीतून उडी मारतो. स्टब त्याला बजावतो की अलाबामात तुझी जी किंमत येईल तिच्या तीसपट एका देवमाशाची येते, तेव्हा पुन्हा उडी मारलीस तर तुझ्यासाठी देवमासा सोडणार नाही. पिप पुन्हा उडी मारतो आणि अथांग समुद्रात एकटा राहतो. जहाज योगायोगाने त्याला उचलते, पण तोवर तो हरवलेला असतो.

हे लिहिले जात असताना अमेरिकेत पळालेले गुलाम परत करण्याचा १८५०चा कायदा लागू झाला होता, आणि १८५१च्या एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी थॉमस सिम्स या पळून आलेल्या तरुणाची सुटका करण्यास नकार दिला. शॉ हे मेलव्हिलचे सासरे. कादंबरी त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात लंडनला आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्कला निघाली. हसतमुख, सर्वांना आवडणाऱ्या स्टबच्या तोंडी तो भाव घालणे मला निव्वळ योगायोग वाटत नाही. विनोदी खलाशाचा साचा तिथे तडकतो.

सुकाणू म्हणतात की पात्रे साच्याचे काम ऐन वेळी करत नाहीत. पिप हा मला त्याला अपवाद वाटतो, तो आपले काम करतो. १२९व्या प्रकरणात एहॅब कबूल करतो की या पोराच्या सहवासात माझा रोग बरा होऊ लागतो, आणि या शिकारीसाठी मला रोगच हवा आहे. म्हणून तो पिपला केबिनमध्ये थांबायला सांगून निघून जातो. सल्लागार जिथे हरला तिथे वेडा जिंकत आला होता.

पानगळ

उन्हाळवारा यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात कॅप्टन बूमरची भर घालते. शंभराव्या प्रकरणात ‘सॅम्युएल एंडर्बी’ हे इंग्लिश जहाज भेटते. त्याच्या कॅप्टनचा हात याच मोबी-डिकने नेलेला आहे. एहॅब हस्तिदंती पाय पुढे करतो, बूमर हस्तिदंती हात, आणि दोघे ते एकमेकांवर आपटून हस्तांदोलन करतात. एहॅबला वाटते, आपला माणूस भेटला. पण बूमर सांगतो की तो मासा नंतर दोनदा दिसला आणि मी त्याच्या वाटेला गेलो नाही. एक हात गेला तेवढे पुरे, त्याला सोडून देणेच बरे. एहॅब तडक परततो. त्या मोठ्या समुद्रावर त्याची जखम समजू शकणारा हा एकमेव माणूस होता, आणि तो बरा झालेला निघाला.

बल्किंग्टनचेही नाव घ्यायला हवे. तिसऱ्या प्रकरणात उंचापुरा, शांत, सर्वांचा लाडका खलाशी दिसतो. वाचकाला वाटते, एहॅबला भिडणारा नायक हाच. तेविसाव्या प्रकरणात अर्ध्या पानात त्याची बोळवण होते आणि पुढे तो येतच नाही.

गलबतवाला

४६व्या प्रकरणाचा दाखला मान्य आहे. पण मग दोष एकट्या स्टारबकचा कसा? मुभा सर्व खलाशांना होती. त्रिनिदादचे सी. एल. आर. जेम्स, ज्यांना आपण क्रिकेटवरील लेखनामुळे ओळखतो, त्यांनी १९५२ साली न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर स्थानबद्ध असताना या कादंबरीवर लिहायला घेतले आणि एहॅबमध्ये येऊ घातलेला हुकूमशहा पाहिला. त्यांच्या लेखी खरे नायक ते निनावी खलाशी, जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेले आणि कामात तरबेज असलेले. त्याआधी १९५१मध्ये हेन्री मरे या मानसशास्त्रज्ञाने एहॅब म्हणजे आदिम वासना, देवमासा म्हणजे दटावणारी सदसद्विवेकबुद्धी आणि स्टारबक म्हणजे व्यवहारी अहं अशी मांडणी केली होती. मरे यांची विभागणी मला फार नीटनेटकी वाटते, जेम्स अधिक पटतात. मात्र ज्या खलाशांना ते नायक म्हणतात, त्यांनीच ३६व्या प्रकरणात हार्पूनच्या खोबणीत दारू ओतून शपथ घेतली होती, आणि त्या वेळी आरडाओरड्यात सर्वांचा आवाज होता.

सुकाणू

होय, शपथेत इश्माएलचाही आवाज होता, हे तो ४१व्या प्रकरणाच्या आरंभी स्वतःच सांगतो. निवेदक शपथेबाहेर राहिलेला नाही.

तरी पहिला मेट आणि साधा खलाशी यांना मी एका मापाने मोजणार नाही. तिसऱ्या दिवशीच्या पाठलागात स्टारबक जहाजावरून ओरडून सांगतो की मोबी-डिक तुम्हाला शोधत नाही, तुम्हीच वेड्यासारखे त्याला शोधत आहात. पूर्ण कादंबरीतले सर्वांत नेमके वाक्य त्याचे आहे. ते उच्चारल्यावर तो एहॅबने नेमून दिलेल्या जागी, जहाजावरच राहतो. देवमासा जहाजाच्या रोखाने येऊ लागतो तेव्हा तो सुकाणू फिरवायला सांगतो आणि देवाला विचारतो की माझ्या सगळ्या प्रार्थनांचे, जन्मभराच्या निष्ठेचे हेच फळ का. कोणाशी ठेवलेली निष्ठा, हे त्या वाक्यात नाही.